बेहड्याची उंची

राजा धवलसेनाला ध्वजासाठी खांब हवा होता, आणि तो शेजारच्या राजाच्या खांबाहून उंचच हवा होता. त्याची नजर करंजवाडीच्या देवराईतल्या बेहड्यावर पडली. सरळसोट वाढलेलं झाड, शेंडा पाहताना डोक्यावरची पगडी खाली पडावी असं. पण ते तोडून बाहेर काढायचं तर निम्मी राई साफ करावी लागणार होती. राजा स्वतःच येऊन उभा राहिला. मागे कुऱ्हाडी घेतलेली माणसं.

देवीचे गुरव तापाने पडून होते, म्हणून त्या सकाळी पूजेला त्यांची मुलगी येसू आली होती. कुऱ्हाडी पाहून ती पुढे झाली आणि हात जोडून म्हणाली, की गावाचा बारमाही झरा याच राईतून निघतो. पलीकडच्या वाडीने आपली राई तोडली, तेव्हापासून तिथल्या बायका हंडे घेऊन इथवर येतात.

राजाला प्रश्न विचारण्याचा भारी नाद. ग्रहण कसं लागतं, डोंगरातली लेणी वरून खाली कोरली की खालून वर, असं काहीबाही तो भेटेल त्याला विचारी. आताही त्याला राहवलं नाही.

"झाड तर पाणी पितं. मग ते झऱ्याला पाणी देतं कसं?"

"पितं थोडं, राखतं फार," येसू म्हणाली. "पानं गळून कुजतात, त्यांचा गादीसारखा थर होतो. पाऊस त्यात मुरतो नि सावकाश झिरपत राहतो. झाडं गेली की तोच पाऊस माती घेऊन पळतो."

राजा खूश झाला, पण खांबाचा हट्ट काही सुटेना. तो म्हणाला, "मग आणखी एक सांग. हा बेहडा किती उंच आहे? वर कोणी चढायचं नाही. उत्तर बरोबर निघालं तर राईतली काटकीही मोडणार नाही. चुकलं तर कुऱ्हाड चालेल."

येसूने वर पाहिलं. शेंड्याजवळ आग्या मोहोळं लोंबत होती. मग तिने अदबीने विचारलं, की उत्तर चुकलं हे सिद्ध होईपर्यंत कुऱ्हाड थांबेल ना? त्यात काय, राजाने सगळ्यांदेखत शब्द दिला.

"एकशे चाळीस हात आणि वर चार बोटं," येसूने सांगून टाकलं.

लोक एकमेकांकडे बघू लागले. राजाने मोजणीदाराला पुढे बोलावलं. तो म्हणाला, की मोकळ्या माळावर एकटं झाड असतं तर काठीच्या सावलीशी त्याची सावली ताडून उंची काढता आली असती. इथे सगळ्या झाडांच्या सावल्या एकमेकींत मिसळल्यात. मग एका शिपायाने दोर घेऊन चढायची तयारी दाखवली. दिवाणजींनी हळूच आठवण करून दिली, की चढायचं नाही ही अट महाराजांचीच आहे.

"मग पाडा आणि आडवं मोजा," राजा वैतागून म्हणाला.

कुऱ्हाडवाले सरसावले. येसू बुंध्याला पाठ लावून उभी राहिली.

"पाडा, महाराज. पण माझी चूक अजून सिद्ध झालेली नाही, तेव्हा पहिल्याच घावाला आपला शब्द मोडेल. आणि मोजल्यावर उत्तर बरोबर निघालं, तर न तोडायचं वचन दिलेलं झाड जमिनीवर पडलेलं असेल. ते परत उभं कोण करणार?"

राजाने झाडाकडे पाहिलं, मोहोळांकडे पाहिलं; अट मागे घेतली तरी त्या माश्यांतून वर कोण जाणार! कुऱ्हाडवाले हात थांबवून त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. अखेर त्याने मिशीवरून हात फिरवला आणि जवळ येऊन, इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "पोरी, खरं सांग. ती चार बोटं कुठून आणलीस?"

"आजची उंची सांगितली, महाराज," येसू तितक्याच हळू म्हणाली. "झाड जिवंत आहे, वाढतंय. पुढल्या वर्षी विचारा, पाच सांगेन."

राजा असा खदखदून हसला की राईतले धनेश फडफडत उडाले. त्याने माणसांना कुऱ्हाडी खाली ठेवायला लावल्या, आपल्या गळ्यातला मोत्यांचा कंठा येसूच्या हातात दिला, आणि राई कायमची करंजवाडीच्या देवीच्या नावे करून टाकली. मग ध्वजाचं काय, असं दिवाणजींनी विचारलं, तेव्हा राजा म्हणाला, "टेकडीवर लावा. तिथून आपोआप उंच दिसेल."