गिरजेची पाच अक्षरं

एकदा काय झालं, सोनवळ गावात गिरजा नावाची कुंभारीण राहायची. ती मातीचे पेले करायची. गोल पोटाचे, बाजूला कान असलेले. पेल्यावर गेरूने मोर काढायची आणि मोराखाली एक शब्द लिहायची. झिरमिळंबा. त्याचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता, बरं का. तिच्या आजीच्या आजीपासून चालत आलेला शब्द. पण त्या पेल्यातून पाणी प्यायलं की ताप पळून जायचा.

मग काय झालं, राजाची सहा वर्षांची लेक रत्नावळी तापाने फणफणली. राजाने गिरजेचा पेला मागवला. दरबारातल्या शास्त्रीबुवांनी शब्द वाचला आणि ते हसले. म्हणाले, "महाराज, असा शब्दच नाही. कुंभारणीला कुठली अक्षरओळख? आपण शुद्ध करून घेऊ."

मग शुद्ध शब्द कोरून सोन्याचा पेला आला. ताप वाढला. मग शब्द आणखी शुद्ध केला, चांदीचा पेला आला. पोर डोळेच उघडेना. मग मात्र राजाने गिरजेला बोलावणं धाडलं. ती नवा पेला पदराखाली घेऊन आली.

शास्त्रीबुवा म्हणाले, "पेला तुझा असू दे, बाई. शब्द मी सांगतो तो लिही."

एवढी माणसं गिरजेने कधी पाहिली नव्हती. पण मान ताठ. ती म्हणाली, "महाराज, मला पाचच अक्षरं येतात. आजीने हात धरून गिरवून घेतलीत. ती माझ्या हातून कधी चुकली नाहीत. लिहीन तर हीच लिहीन."

राजाने लेकीकडे पाहिलं. म्हणाला, "लिही, बाई."

गिरजेने लिहिलं. रत्नावळी दोन घोट प्यायली. संध्याकाळी पेल्यावरचा 'बा' आपोआप पुसला गेला आणि ताप जरासा उतरला. दुसऱ्या दिवशी 'ळं' गेला. असं करत पाचव्या दिवशी शब्द संपला, तापही संपला. पोर उठून बसली आणि म्हणाली, "आई, दूधभात दे."

राजाने भर दरबारात गिरजेला आपल्या शेजारी बसवलं.

आणि दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवा तिच्या अंगणात आले. चिखलातच मांडी घालून बसले. "गिरजाबाई, मला शिकवाल?"

गिरजेने त्यांच्या हातात कुंचला दिला. त्यांनी एक अक्षर काढलं. तिने नीट पाहिलं. म्हणाली, "वळण चुकलं, शास्त्रीबुवा. पुन्हा काढा."

सगळं गाव बघत होतं. शास्त्रीबुवांनी पुन्हा काढलं.

मग तिकडे राजाराणी सुखात, इकडे गिरजा सुखात. चला, पांघरूण घ्या आता, आणि झोपा गुपचूप.