सत्तावीस नावं आणि एक शेळी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा शेळ्या बोलत असत. पण तोंडात घास असताना बोलायचं नाही, ही त्यांची शिस्त कडक, आणि तोंड रिकामं कधी नसायचंच. त्यामुळे त्यांचा आवाज फारसा कुणी ऐकला नव्हता.

त्या काळी डोंगरातल्या एका राज्यात एक राजा होता. पाऊस ओसरू लागला की वरचं पठार सोनकीच्या फुलांनी पिवळंजर्द होई. पण राजाचं पोट सुटलं होतं. त्याला चढ झेपेना. त्याने कोंडिबा माळ्याला बोलावलं.

"कोंडिबा, येत्या दसऱ्याला सोनकी इथं माझ्या बागेत फुलली पाहिजे. नाही फुलली, तर बागेतली झोपडी रिकामी कर."

त्या झोपडीत कोंडिबाचा सगळा जन्म गेला होता. म्हातारा बिचारा धापा टाकत पठारावर गेला, वाळलेल्या फुलांचं बी घेऊन आला आणि बागेच्या खडकाळ कोपऱ्यात त्याने ते पेरलं. आषाढात ते उगवलं. त्याच्यासोबत बागभर न पेरलेलंही बरंच काही उगवलं.

आता यात सोनकी कोणती? राजाने वनस्पतिपंडितांना विचारलं. पंडितांना सोनकीची सत्तावीस नावं तोंडपाठ होती. सोनकी मात्र त्यांनी पालखीतूनच पाहिली होती, तीही फुललेली. नुसती पानं पाहून काय कळणार? पण 'ठाऊक नाही' म्हणायला त्यांची जीभ काही वळेना. त्यांनी एका टवटवीत रोपाकडे बोट दाखवलं.

"हीच सोनकी. बाकी सगळं तण. उद्या उपटून टाका!"

लगेच त्या रोपावर रेशमी छत्री उभी राहिली. मागे उभा असलेला आचारी गालातल्या गालात हसला. ते रोप तांदुळजाचं होतं. कालच त्याने तांदुळजाची भाजी केली होती आणि राजाने ती दोनदा मागून घेतली होती. पण मोठ्यांच्या बोलण्यात कशाला पडा, म्हणून तो गप्प राहिला.

कोंडिबा हात जोडून पुढे आला. "म्हाराज, ह्यो तांदुळजा हाय. सोनकी त्या कोपऱ्यात, दगडापाशी. ती उपटली तर माझं घर गेलंच म्हणायचं."

"पंडितांकडे पोथी आहे. तुझ्याकडे काय आहे?"

"शेळी हाय, म्हाराज."

सगळे मानकरी खो खो हसले. राजालाही गंमत वाटली. "आण तुझी शेळी!"

शेळीचं नाव बनी. बनी आली आणि तिने आधी तांदुळजा फस्त केला. मग छत्रीची झालर खाल्ली. मग पोथीचं एक पान ओढलं. नेमकी त्यावरच सत्तावीस नावं होती. "अगं सोड, सोड!" पंडित ओरडले, तोवर सव्वीस नावं पोटात गेली होती. खात खात बनी खडकाळ कोपऱ्यात पोचली. तिथल्या रोपाला तिने नाक लावलं आणि झटकन मागे सरली. जन्मात पहिल्यांदाच तिचं तोंड रिकामं झालं.

"शी! ही सोनकी," बनी म्हणाली. "कडूजहर! पठारावरचं सगळं खाते मी, पण हिला तोंड लावत नाही." मग तिने पंडितांकडे पाहिलं. "तांदुळजा अजून आहे का हो?"

पंडित आभाळाकडे बघू लागले.

सोनकी वाचली. दसऱ्याला तो कोपरा असा पिवळा झाला की कोंडिबाला रडूच फुटलं. झोपडी त्याचीच राहिली. पंडितांना राजाने वर्षभर बनीला चारायची शिक्षा दिली.

पुढच्या आषाढात राजाने एका कोवळ्या रोपाचं नाव विचारलं. गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले पंडित खाली वाकले. त्यांनी पान उलटून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, "ठाऊक नाही, महाराज. बनीला विचारून सांगतो."

राजाने स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून त्यांना पांघरली. उत्तर मात्र संध्याकाळी मिळालं, कारण बनी खात होती.

तात्पर्य: नाव पाठ असलं म्हणजे ओळख असतेच असं नाही; जे ठाऊक नाही, ते ठाऊक नाही म्हणावं.