चाकोरीबाहेरची जमीन

माणसं अजून बैलांचं बोलणं ऐकून घेत असत, तेव्हाची ही गोष्ट. माळावर शर्यत होती. चांद्या नावाचा मुरलेला बैल आणि पाखऱ्या नावाचा नवा खोंड एकाच गाडीला जुंपले होते. सगळ्या बैलांचे डोळे समोरच्या निशाणावर होते. चांद्या मात्र चाकोरीच्या कडेची जमीन न्याहाळत होता.

"काका, धावायचं तर चाकोरीतून. मग बाहेर काय बघता?" पाखऱ्याने विचारलं.

"उजवीकडे दगड आहेत, डावीकडे नांगरट," चांद्या एवढंच म्हणाला.

शर्यत सुटली. भरधाव धावताना चाक उसळलं, गाडी डावीकडे चाकोरीबाहेर गेली आणि गाडीवान सिदाच्या हातून कासरा सुटला. घाबरलेल्या पाखऱ्याने परत चाकोरीकडे मान वळवली.

"वळू नकोस!" चांद्या म्हणाला. "या वेगात वळलास तर गाडी उलटेल आणि सिदा चाकाखाली जाईल. माझ्याबरोबर सरळ चल."

पाखऱ्याने मान सरळ केली. नांगरटीत चाकं रुतत गेली, वेग मंदावला आणि गाडी थांबली. सिदा खाली उतरला आणि दोघांच्या गळ्यात पडला.

"हरलो की हो, काका."

"हरलो. पण सिदा स्वतःच्या पायांनी घरी जाईल."

पाखऱ्याने वळून नांगरटीकडे पाहिलं. मग म्हणाला, "काका, पुढच्या शर्यतीला जरा लवकर जाऊ या. मलाही कडेची जमीन बघायचीय."