सदऱ्याचं टोक

“…मग सांगा ना उस्ताद, दोष डिफरन्शियलमध्ये न्हाई तर कुठं हाय?”

सर्जेराव चौगुले गाडीखालून बाहेर आला आणि हात पुसत उभा राहिला. दस्तगीर उस्ताद बाजेवर बसून चहा फुंकत होते.

कागल नाक्यावरच्या या गॅरेजात, याच उस्तादांकडे, सर्जेराव पाना धरायला शिकला होता. गेल्या दसऱ्याला त्यानं पलीकडच्या गल्लीत स्वतःचा बोर्ड लावला आणि त्यानंतर इकडं फिरकलाच नव्हता. आज आला तो ही साठ वर्षांची काळी गाडी घेऊन, नाक मुठीत धरून.

इनामदारांच्या नातीची वरात उद्या याच गाडीतून निघायची होती. गाडी मात्र जड जात होती, पाय ओढत चालत होती. सपाट रस्त्यावर न्यूट्रल केली की चार हात जाऊन थांबायची आणि मागची चाकं तव्यासारखी तापायची. वरातीत गाडी अडली तर बोर्ड उतरवावा लागणार, ही धास्ती सर्जेरावला लागली होती. तोंडाचा पट्टा तेवढा चालूच होता.

“मागच्या चाकांचा तो गिअरचा डबा दोनदा उघडून बघितला. क्राऊन, पिनियन, बेअरिंग, सगळं चोख. माझ्या हातचं काम हाय, त्यात खोट निघायची न्हाई.”

“बरं. चहा घे.”

“चहा नको, उस्ताद.”

“मग चाल. अंगणाला एक चक्कर मार.”

सर्जेराव चालू लागला. उस्ताद उठले, त्याच्या सदऱ्याचं मागचं टोक दोन बोटांत धरलं आणि रमतगमत त्याच्या मागून निघाले.

टायरांचा ढीग गेला. पाण्याची टाकी गेली. कॉलर सर्जेरावच्या गळ्याला काचायला लागली. रस्त्यावरचे दोघं थांबून खुशाल हसत होते.

“सोडा की, उस्ताद!”

“का? जोरात धरलंय?”

“जोरात न्हाई… पण चालवंना की.”

“मग पायातच खोट असंल. गुडघा उघडून बघू?”

“माझ्या पायाला काय धाड भरलीय? तुम्ही धरलंय न्हवं!”

“आपलं हलकंच धरलंय. तू कुठं घसरलास, तर चटकन आवरता यावं म्हणून.”

सर्जेराव जागच्या जागी थांबला.

…

“हँडब्रेक,” तो म्हणाला.

उस्तादांनी टोक सोडलं.

मागल्या महिन्यात ही गाडी उतारावरून घसरून थेट इनामदारांच्या गोठ्यात शिरली होती. पुन्हा नामुष्की नको म्हणून सर्जेरावनं हँडब्रेकची केबल अशी आवळली, की लिव्हर जराशी, पहिल्या खाचेपर्यंत ओढली तरी गाडी जागेवर जखडायची. गावभर त्यानं ते मिरवलं होतं. लिव्हर खाली केली तरी ब्रेक चाकाला घासत राहील, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तो पुन्हा गाडीखाली शिरला. केबलचा नट सैल केला, मागची बाजू जॅकवर उचलली आणि चाकाला नुसता हात लावला.

चाक फिरत राहिलं. सर्जेरावला इतका आनंद झाला, की त्यानं दुसरंही चाक उगाचच फिरवून पाहिलं.

रस्त्यावर एक फेरी मारून आला तेव्हा गाडी फाटकापासून न्यूट्रलमध्येच आत आली आणि थेट बाजेपर्यंत पोहोचली. उस्तादांना पाय वर घ्यावे लागले. दोघंही हसले.

मग सर्जेरावचा आवाज खाली आला.

“उस्ताद, उद्या वरातीत या. माझ्या शेजारी बसा. वाटेत काही झालंच, तर चटकन आवरता येईल.”

“मी न्हाई बसणार.”

“का, उस्ताद?”

उस्तादांनी कप खाली ठेवला.

“गाडी जड जाईल, बाबा.”