धुतलेला दर्या

सांगायची इच्छा नाही मला. घसा बसलाय, गुडघे कुरकुरतात. पण ओटीवर ठाण मांडून बसलात, तर ऐका. मधे टोकायचं नाही.

एका राज्यात धवलशेखर नावाचा राजा होता. डोक्यावर मुकुट, डोक्यात माती. दर्या कुठं हिरवा, कुठं दुधी, कुठं तांबूस. राजाला तो मळ वाटे. त्यानं मांत्रिकाला फर्मावलं, "धुऊन काढ." मांत्रिकानं फुंकर मारली. दर्या काचेसारखा निळा झाला. राजा खूश. मासे गेले.

कोळीवाड्यात चुली थंडावल्या. धाकलूबाय कोळणीचं दूध आटलं, तान्हं रडायचंही थांबलं. ती खडकावरल्या पाणकावळ्याकडे गेली.

"काळ्या, मासे कुठं गेले?"

"निळं पाणी म्हणजे उपाशी पाणी, बाय. तो रंग मळ नव्हता. डोळ्यांना न दिसणारी झाडं तरंगतात, त्यांचा रंग. ती बारकी कोळंबी खाते, कोळंबीला मासा खातो. तिन्ही रंगांचं बी पेर. पण ज्यानं धुवायला लावलं तो 'चुकलो' म्हणेल तरच टिकेल. नाहीतर उद्या पुन्हा निळं."

"बी कुठलं? राजानं होड्यासुद्धा घासून घेतल्या."

"बापाचं जाळं धुतलंस?"

नव्हतं धुतलं. बुडालेल्याचं जाळं धूत नाहीत, ही त्यांची रीत. त्यावर तिन्ही रंगांची खपली वाळली होती.

हिरवी तिनं खाडीच्या तोंडाशी सोडली, पाणी हिरवळलं. दुधी खोल दर्यात सोडली, पाणी चुना कालवल्यासारखं झालं. तांबडीपाशी हात अडला. तिच्यानं मासे मरतात.

"मिरचीसारखी वापर," पाणकावळा म्हणाला. "चिमूटभर."

तिनं तेवढीच सोडली. सांजेला जाळ्यात मूठभर बोंबील आले, ते तिनं भाजले. तेवढ्यात शिपाई आले नि तिला बोंबलांसकट राजापुढं उभं केलं.

"माझा दर्या मळवलास. मान उतरवीन."

"उतरवा, महाराज. आधी दोन घास खा."

वर्षभर राजाच्या ताटात मासा नव्हता. त्यानं बोंबील खाल्ला. काटासुद्धा चोखला. मग खिडकीतून हिरव्या पाण्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"मळ नव्हता तो," म्हणाला. "चुकलो मी."

मांत्रिकाचा मंत्र सुटला. दर्या रंगीत राहिला, जाळी भरली, धाकलूबायला पान्हा फुटला.

राजा असून म्हणाला तो. माझ्या तळ्याचं हिरवं पाणी घाण म्हणून त्यात चुना ओतणारा, माझे सगळे मासे मारणारा, अजून म्हणाला नाही. पलीकडच्या आळीतला वासू तांडेल.