ओढ्याचं दार

“मंग मारायचं कवा?”

सकाळी गेम सेंटरात आल्या-आल्या बिरू उभ्या-उभ्याच बोलला. आवाज चढलेला, नाक फुललेलं.

दस्तगीर नाना तांब्यातलं पाणी पीत व्हता. सावकाश पिऊन झालं. पालथ्या हातानं दाढी पुसली.

“कुणाला?”

“कुणाला म्हंजे? गेममधी समोर जो यील त्याला!”

“त्यो तुज्याकडं बघतूय का?”

“न्हाई बघत.”

“मंग त्याचं काय बिघडलंय?”

बिरूनं कपाळाला हात लावला. शिकाय आलं तर म्हातारं उलटं त्यालाच इचारतंय.

नाना म्हंजे जुना सुरुंगवाला. चाळीस वर्सं विहिरीत उतरून खडकाला सुरुंग लावलं. खाली बत्ती पेटवायची आन जीव घिऊन वर यायचं, ह्योच धंदा. बोअरच्या गाड्या आल्या, धंदा बसला. मंग तालुक्याला एस्टी स्टँडच्या मागं जावयाच्या गेम सेंटरात राखणीला बसाय लागला. बसून बसून सात नंबरच्या कॉम्प्युटरवर आपलं आपणच खेळाय शिकला. आता समदी त्याला उस्ताद म्हणायची.

गेम असा. एक पडकं शहर. बारा जण आत उतरत्यात. औषधं, काडतुसं, खायाचं डबं, सापडंल ते पिशवीत भरायचं आन अर्ध्या तासाच्या आत भायेर पडायचं. भायेर पडायला तीन दारं. ओढ्याचं, रेल्वेचं आन बोगद्याचं. भायेर आलं की माल आपला. आत मेलं की सापडल्यालंबी गेलं आन घरनं नेल्यालंबी गेलं. किती मारलं, ते कुणी कुत्रं इचारत न्हाई.

बिरू तालुक्यात एक नंबरचा नेमबाज. उडता पारवा पाडंल असा. आन ह्या गेममधनं आजपातूर एकदाबी जित्ता भायेर आला न्हवता.

आयतवारी जिल्ह्याला सामना व्हता. तिघांचा संघ. जालिंदर मुखिया, दुसरा पोपट, तिसरा बिरू. पर काल जालिंदरनं तोंडावरच सांगितलं, “उद्या दुपारी एक डाव. जित्ता भायेर आलास तर गाडीत बस. न्हाईतर तुज्या जागी खालच्या आळीचा तात्या.”

दोन वर्सं ह्या खेळापायी त्यानं बापाच्या शिव्या खाल्ल्या. आन परवा त्याच बापाला छाती फुगवून सांगून बसला व्हता की आयतवारी मी जिल्ह्याला खेळतोय. आता कुठल्या तोंडानं घरी जायाचं?

“म्हंजे मारायचंच न्हाई म्हणा की,” बिरू म्हणला.

“मार की. मारलं की आवाज हुतो. आवाजाला माणसं येत्यात. त्यांना मार. मंग आणिक येत्यात... मयताला जमत्यात तशी.”

मागं पोपट खिदळला. बिरूनं असा डोळा वटारला की त्यो जागच्या जागी गप झाला.

“काल किती मारलंस?” नानानं इचारलं.

“नऊ!”

“आन भायेर काय आणलंस?”

बिरूनं तोंड फिरवलं.

“सांग की. नऊ म्हणताना तोंड लई फाकलं व्हतं.”

“नाना, मी शिकाय आलोय. इज्जत काढून घ्यायला न्हाई.”

“इज्जत भायेरच ठिवून जायाची असती, लेका. तिचं लई वजन हुतं.”

बिरूच्या मस्तकात गेलं. पर दुपारचा डाव आठवला आन त्यो गुमान स्टुलावर टेकला.

“विहिरीत उतरताना डोळं कुठं पायजेत?” नाना म्हणला.

“खाली. खडकावर.”

“म्हणून मरतोस. उतरायच्या आदी वर यायचं बघायचं. शिडी कुठं, दोर कुठं, एक तुटलं तर दुसरं काय. मंग बत्ती.”

“म्हंजे आदी दार बघायचं.”

“दोन दारं. एकावर कुणीतरी बसल्यालंच असतंय.”

“आन बंदूक कंची न्यायची?”

“जी गेल्यावर रडू येणार न्हाई ती.”

“पळायचं?”

“पळणाऱ्याचा पाय वाजतो.”

“आन लई भारी माल दिसला तर?”

नानानं त्याच्याकडं नीट बघितलं.

“पिशवीत एक चीज पडली की तू श्रीमंत. दुसरीला हात घातलास, की...”

पुढचं त्यानं सांगितलंच न्हाई. तांब्या उचलला आन आत गेला.

दुपारचं दोन वाजलं. बिरू चार नंबरला बसला. कानावर हेडफोन चढवला. मागं जालिंदर आन पोपट हाताची घडी घालून उभं. सेंटरमधल्या माणसांनी एका दमात बटण दाबलं की समदी बहुतेक एकाच शहरात पडायची. बिरूनं दाबलं. आणिक कुणी दाबलं, इकडं त्याचं ध्यान न्हवतं.

त्या दिवशी बिरू खेळला, तसा आयुष्यात कवा खेळला न्हवता.

पळाला न्हाई. भिंतीच्या कडंकडंनं वाकून गेला. एक गडी त्याच्याकडं पाठ करून समोरनं चालला. बोट शिवशिवलं. घाम फुटला. पर त्यानं जाऊ दिला.

“आरं मार की!” पोपट वराडला.

“गप,” जालिंदर म्हणला. त्याचंबी डोळं मोठं झालं व्हतं.

पडक्या दवाखान्यात औषधाची पेटी सापडली. पिशवीत टाकली. बाजूच्याच फळीवर एक लांब नळीची बंदूक, नवी कोरी, नुसती चकाकतीय. बिरूचा हात तिच्यापातूर गेला... आन माघारी आला.

“सोडली? आरं, सोडली ह्यानं!” पोपटाचं तोंड उघडं ते उघडंच.

नऊ मिंटं उरली. बिरू एका भिंतीआड दम खात बसला. आन सात नंबरवरनं नानाचा आवाज आला. लई मायेचा आवाज. कट्ट्यावर बसल्यालं म्हातारं माणूस वाटंनं जाणाऱ्याला इचारतं ना, तसा.

“कुठं निघालास रं, लेका?”

बिरूनं एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. मोठ्या माणसानं इचारलं की उत्तर द्यायचं, ही लहानपणापासनंची सवय.

“ओढ्याच्या दाराला, नाना.”

“बरं बरं. सुखानं जा.”

बिरू निघाला. ओढा आला. पलीकडं दाराचा हिरवा दिवा दिसाय लागला. पन्नास पावलं. चाळीस. तीस. जालिंदरचा हात त्याच्या खांद्यावर पडला बी.

ठो!

एकच गोळी. स्क्रीन लालभडक झाला.

वरचा पंखा तेवढा करकरत व्हता.

मंग बिरूच्या ध्यानात आलं. गोळीचा आवाज दोन ठिकाणनं आला व्हता. एक त्याच्या कानातनं. आन एक... सात नंबरवरनं.

त्यानं मान वळवली.

नानाच्या स्क्रीनवर बंदुकीची नळी व्हती. तिच्यातनं अजून धूर निघतूय. म्होरं चिखलात एक माणूस पालथा पडल्याला. डोक्यावर निळी टोपी. बिरूची निळी टोपी. आन नाना वाकून त्याच्या पिशवीतनं औषधाची पेटी काढून घेत व्हता.

बिरूला वाटलं आपुन खरंच मेलोय. जालिंदरसारखा जालिंदर, जेसीबी चालवणारा गडी, त्यानं भित्ताडाचा आधार घेतला.

“नाना...” बिरू म्हणला. “तुमी?”

“हां.”

“तुमी... मला?”

“हां, लेका.”

“आवं, तुमी उस्ताद माझं! तुमी सांगितलं तसं केलं! पळालो न्हाई, मारलं न्हाई, बंदूक सोडली! आन तुमीच दारात बसला?” आता त्याचा आवाज छताला लागला. स्टूल लाथंनं उडालं. “निघाल्या माणसाला कुठं म्हणून हटकू नये! आमच्या गावात शेंबड्या पोरालाबी कळतंय हे!”

“तुला कळतंय?”

“कळतंय!”

“मंग सांगितलंस का?”

बिरूचा हात वर उगारलेला, त्यो तसाच वर ऱ्हायला.

“तुमी इचारलं म्हणून,” त्यो कसाबसा म्हणला.

तांब्याच्या तळाला घोटभर पाणी व्हतं, तेवढं नाना प्याला.

“ही लबाडी हाय,” पोपट कुजबुजला. “ह्यो डाव धरू नका, मुखिया.”

“मेला त्यो मेला,” जालिंदर म्हणला. मंग डोकं खाजवलं. “पर गड्यानं पयल्यांदा भरल्याली पिशवी दारापातूर आणली, हेबी खरं. एक डाव देतो. ह्याच्या म्होरं देवबी आला तरी न्हाई.”

बिरू परत बसला. त्यानं सात नंबरकडं बघितलं. नानानं आपला स्क्रीन उचलून भिंतीकडं फिरवला.

म्हातारं परत आत उतरणार.

त्यानं खांद्यावरचा टॉवेल घेतला आन डोक्यावरनं पार स्क्रीनवर ओढला. सर्दी झाल्यावर वाफ घेत्यात तसा.

“आरं, आमाला दिसू दे की!” पोपट म्हणला.

“मागं सरका.”

“आमी तुजीच माणसं—”

“सरका म्हणतो न्हवं!”

दोघं दोन पावलं मागं सरली. टॉवेलाखाली बिरू काय करतूय, कुणाला कळंना. नुसती बोटं वाजायची. मंग तीबी थांबायची. लई येळ थांबायची.

वीस मिंटं झाली.

“कुठं निघालास रं, लेका?”

तोच मायेचा आवाज.

टॉवेल हालला न्हाई.

“ए बिरू, तुलाच इचारतोय.”

...

“कान फुटलं का रं? मी तुज्या बापापरास मोठा! माझ्या जावयाच्या दुकानात बसून मलाच तोंड बंद करून दावतोस?” नानाची मूठ टेबलावर आदळली. तांब्या गडगडत खाली गेला. पोपट दचकून दाराकडं सरकला. नानाला असं चिडल्यालं कवा कुणी बघितलं न्हवतं.

टॉवेलाखाली बिरूच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हाताऱ्या माणसाला उलट बोललेलं चालतं एक येळ, पर इचारल्यावर गप बसायचं? जीभ दातात धरली. रगाताची चव आली.

मंग नानाचा आवाज एकदम मऊ झाला.

“बरं, ऱ्हाऊ दे. एक सांगतो. रेल्वेच्या दाराला दोघं दबा धरून बसल्यात. तिकडं जाऊ नगंस.”

ह्यो तर त्याहून वंगाळ घाव. खरं असंल तर म्हातारं जीव वाचवतंय. खोटं असंल तर आपल्याच नळीम्होरं हाकलतंय. बिरूनं खरंबी धरलं न्हाई आन खोटंबी धरलं न्हाई. स्वतःच्या डोळ्यानं बघायचं म्हणून गेममधी तिथंच पालथा निजून ऱ्हायला.

तीन मिंटं उरली. लांब कुठंतरी गोळी वाजली. दोन मिंटं. एक.

जालिंदर नखं खात व्हता. पोपटानं डोळं मिटून घेतलं व्हतं.

टिंग.

टॉवेल खाली पडला. बिरूचं तोंड घामानं न्हाऊन निघाल्यालं. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत लिहिल्यालं, ‘सुटलास’. पिशवीत एक माशाचा डबा.

पयल्यांदा कुणाला खरंच वाटंना. मंग पोपटानं असा नाचाय घेतला की खालचा सायकलवाला वर बघाय आला.

“आयतवारी सहाला स्टँडवर,” जालिंदर म्हणला. “उशीर केलास तर लाथ घालीन.” आन त्यानं बिरूला उचलून गरागरा फिरवलं.

बिरूनं सुटून आदी नानाचं पाय धरलं. म्हाताऱ्याचा सदराबी पाठीला घामानं चिकटल्याला व्हता. नानानं हात लांब करून भिंतीकडच्या स्क्रीनचं बटण दाबलं. स्क्रीन काळा झाला.

“नाना, रागावू नका. पर आता तरी सांगा,” बिरू म्हणला. “तुमी कुठल्या दाराला बसला व्हता?”

नानानं पडल्याला तांब्या उचलला. उगं जाग्यावर ठेवला. मंग पयल्यांदाच त्याला पुऱ्या नावानं हाक मारली.

“सकाळी इचारलं असतंस, तर सांगितलं असतं, बिरुदेव... आता न्हाई.”