हौसाक्काचा दोरा

फार वर्षांपूर्वी, घाटमाथ्यावरच्या सावरदऱ्याला वेस होती आणि वेशीसमोरच्या टेकाडावरची गढी नांदती होती, तेव्हाची ही गोष्ट. ऐकताना राग येतो. येऊ द्यावा. सावरदऱ्यातल्या म्हाताऱ्या ही गोष्ट सांगतात तेव्हा त्यांचाही आवाज चढतो.

तर त्या गावात हौसा नावाची एक बाई होती. सगळे तिला हौसाक्का म्हणत. नाव हौसा आणि बाईही हौशीच. शेतातून आली, चूल पेटवली, कालवणाला फोडणी दिली, की तिचा हात सुईकडे जायचा. जुनी लुगडी, विरलेली धोतरं, पोरांची फाटकी अंगडी, काही म्हणून ती टाकू द्यायची नाही. जुन्या कापडांचे थर अंथरायचे, वरून रंगीत तुकडे जुळवायचे, आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचं. अशा जाड पांघरुणाला तिकडे वाकळ म्हणतात. घाटमाथ्यावरच्या थंडीत वाकळ नसेल तर माणूस सकाळी उठत नाही, त्याला उचलावं लागतं.

हौसाक्काच्या घरात नेहमी तीन-चार वाकळा चाललेल्या असायच्या. एक अंगणात पसरलेली, एक माचावर गुंडाळलेली, एक दाराआड उभी केलेली. तिचा नवरा भिवा जेवायला बसायचा तर आधी हाताने जागा चाचपायचा, आणि तरी सुई टोचायचीच.

"अगं, एक तरी पुरी कर आन् मग दुसरीला हात घाल," तो कळवळायचा.

"एकीचा हिरवा बघितला की दुसरीत तांबडा कुठं घालायचा ते सुचतं," ती मान वर न करता म्हणायची. "तुमास्नी न्हाय कळायचं."

कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाची लेक सासरी निघाली, कुणाचा म्हातारा थंडीने आखडला, की हौसाक्काची वाकळ तिथे पोचायची. कुणी पायली-दोन पायली जोंधळे घेऊन आलं तर ती परत पाठवायची. म्हणायची, "हौसेचं मोल घेतलं की ती मजुरी हुती." गढीवरूनही सांगावा यायचा. मांडवाची कापडं जोडायची आहेत, तक्क्यांना खोळी घालायच्या आहेत, घोड्यांच्या झुली उसवल्या आहेत, सरकारांच्या अंगरख्याची बाही निघाली आहे. हौसाक्का तेही सगळं शिवून द्यायची. असं म्हणतात, की त्या काळी सावरदऱ्यात तिच्या टाक्याशिवायचं कापडच नव्हतं.

तिच्या घरातली एक वाकळ मात्र वर्षानुवर्षं अपुरीच होती. तिच्या मधोमध एक लहानशी कुंची होती, पिवळ्या खणाची. हौसाक्काचं एकुलतं पोर रांगायला लागलं होतं तेव्हाच तापात गेलं, त्याची ती कुंची. तिच्याभोवती ती तुकडा तुकडा जोडत राहिली. वाकळ होत आली की पुन्हा चहूबाजूंनी नवा पट्टा लावायची. कोपऱ्यात दोरा ओवलेली सुई टोचलेलीच असायची. ही कधी पुरी होणार, असं गावात कुणी तिला विचारलं नाही. भिवानेही नाही.

गढीवर तेव्हा रायाजीराव नावाचा जहागीरदार होता. माघात त्याच्या लेकीचं, ताराऊचं लग्न निघालं. व्याही मोठे, वऱ्हाड घोड्यांवरून येणार. वेशीपासून गढीपर्यंतची चढण तांबड्या मातीची. कुणी तरी रायाजीरावाच्या कानात भरवलं, की थोरांच्या घरी पाहुण्यांच्या घोड्यांनाही पायघड्या असतात. बस्स, त्याच्या डोक्याने ते घेतलं. एवढ्या लांब वाटेला पायघड्या आणायच्या कुठून? कारभारी म्हणाला, "सरकार, गावात वाकळा हायेत की."

आता सांगा! माघाचा महिना, पहाटे रांजणातल्या पाण्यावर साय धरल्यासारखं बर्फ धरतंय, आणि यांना माणसांच्या अंगावरची पांघरुणं घोड्यांच्या पायाखाली घालायची होती. कशासाठी? तर टापांना माती लागू नये म्हणून!

लग्नाच्या आदल्या दिवशी कारभारी माणसं घेऊन घरोघर फिरला. दोरीवरच्या वाकळा काढल्या, अंथरुणातल्या ओढल्या, म्हाताऱ्यांच्या खांद्यावरच्या उतरवल्या. गाड्यावर ढीग चढत गेला. फिरत फिरत ते सरूच्या दाराशी आले. सरू नुकती बाळंत झालेली. पोराचं अजून बारसंही व्हायचं होतं. हौसाक्का तिच्यासाठी शेगडी फुलवत बसली होती. कारभाऱ्याच्या माणसाने वाकळेचं टोक धरलं आणि बाळासकट ओढलं. सरूने पोर उचलून छातीशी धरलं म्हणून वाचलं, नाहीतर जमिनीवरच पडायचं.

"अरं, ओली बाळंतीण हाय ती!" हौसाक्का उठून आडवी झाली. "हिची तरी ऱ्हाऊ द्या."

"एकीला सोडली की समदीच हात जोडतील," कारभारी म्हणाला. "लगीन झाल्यावर न्या की माघारी. कोन खातंय का तुमच्या चिंध्या?"

मग ते हौसाक्काच्या घरात शिरले. पुऱ्या, अर्ध्या, नुसते थर टाचलेल्या, सगळ्या वाकळा त्यांनी उचलल्या. कुंचीची वाकळसुद्धा. सुई कोपऱ्यात लोंबत होती. हौसाक्काने दोन्ही हातांनी ती धरली.

"हिला अजून कड न्हाय घातली, कारभारी. ही अपुरी हाय."

"घोड्याच्या टापंला कड कशाला लागती?" कारभारी हसला, आणि वाकळ गाड्यावर पडली.

भिवा अंगणात उभा होता. चावडीच्या कट्ट्यावर गावातले बापे बसलेले होते. सगळ्यांनी पाहिलं. कुणी पायाच्या अंगठ्याने माती उकरत होतं, कुणी उगाच आभाळाकडे बघत होतं. हौसाक्का कट्ट्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पांघरुणं न्हेली ती न्हेली," ती म्हणाली, "तुमच्या जिभा बी न्हेल्या का?"

"मोठ्यांचं काम हाय, हौसाक्का," एक म्हातारा पुटपुटला. "एक रातीचा परश्न हाय. सोसावं."

ती रात्र सावरदऱ्याने गोठ्यात काढली, गुरांच्या अंगाला अंग लावून. सकाळी सरूच्या बाळाचे ओठ निळे पडले होते. हौसाक्काने ते उघड्या पोटाशी धरलं, वरून आपलं लुगडं गुंडाळलं, आणि हळूहळू अंगात ऊब येऊन पोर रडेपर्यंत हललीच नाही. ते रडलं तेव्हा तिने त्याला सरूच्या मांडीवर दिलं आणि तडक गढीची चढण चढायला लागली.

वाटेवर वाकळा अंथरून झाल्या होत्या. तिने एकीवरही पाऊल ठेवलं नाही. कडेच्या काट्याकुट्यांतून गेली. जाताना तिला एकेक ओळखू येत होती. ही गोदीच्या आईच्या लुगड्याची. ही युद्धावरून न परतलेल्या मल्हारीच्या पटक्याची. आणि वेशीच्या अगदी जवळ, सगळ्यांत आधी दिसलेली, पिवळ्या कुंचीची.

गढीच्या सदरेवर रायाजीराव लोडाला टेकून बसला होता. सोयरेधायरे जमले होते.

"सरकार, गावाच्या वाकळा माघारी द्या," हौसाक्का म्हणाली. "तान्ही पोरं गारठल्याती."

"चिंध्या त्या," रायाजीराव म्हणाला. "आमचे पाहुणे त्यांवरून चालणार, हा गावाचा मान समजा."

"मान?" हौसाक्काचा आवाज सदरेभर घुमला. "मेलेल्या माणसांची कापडं हायेत ती. आमी अंगाशी धरून निजतो. त्यांवर घोडी नाचवायची आन् वर त्याला मान म्हनायचं?"

रायाजीरावाच्या कपाळावर आठी चढली. पाहुण्यांसमोर बाई तोंड वर करून बोलते, म्हणजे काय! पण मंगल दिवस होता. त्याने हसण्यावारी नेलं.

"बरं, तुझं त्यात काय आहे ते सांग. कापड तुझं?"

"कापड ज्याचं त्याचं. दोरा माझा हाय."

"मग तुझा दोरा घेऊन जा!" रायाजीराव मांडीवर थाप मारून हसला. "ओढ, लागेल तेवढा ओढ. गढीवरचाही ओढून ने!"

सदर हसून लोटपोट झाली. हौसाक्का हसली नाही. "समद्यांनी ऐकलंय," एवढंच म्हणाली आणि उतरली.

दुपारी वऱ्हाडाची वाजंत्री ऐकू आली. घोडी वेशीशी पोचली. पहिल्या घोड्याने टाप उचलली आणि खाली कुंचीची वाकळ. तोच हौसाक्का पुढे झाली, मातीत बसली, आणि कोपऱ्यातली लोंबती सुई धरून तिने दोरा ओढला.

पुढचं कसं झालं ते कुणालाच सांगता येत नाही. असं म्हणतात, की तो दोरा संपेचना. कुंचीच्या वाकळेचे टाके सर्रकन निघाले, मग शेजारचीचे, मग तिच्या पुढचीचे. चढणीवर साप धावावा तसा दोरा धावला. वाकळांचे थर सुटले, तुकडे उडाले, घोडी बुजली आणि वऱ्हाड्यांना घेऊन माळावर उधळली. दोरा गढीची भिंत चढला. मांडवाचे जोड एकामागून एक उकलले आणि अख्खा मांडव पंगतीच्या पातेल्यांत बसला. तक्के फुटले. कापूस असा उधळला की वाजंत्रीवाल्यांच्या सनयांत जाऊन बसला. झुली गळाल्या. गढीवरचं निशाण उसवून त्याच्या दोन चिंध्या झाल्या आणि खाली आल्या. आणि रायाजीराव "धरा तिला!" म्हणून ओरडत दारात आला, तेव्हा त्याच्या अंगरख्याच्या बाह्या आधी गळाल्या, मग पाठ, मग कमरेचा चोळणा सुटला, तो त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवला. हात गुंतलेल्या माणसाला बोट दाखवून हुकूम देता येत नाही. शिपाई तरी कसे धावणार? त्यांचंही तेच झालं होतं.

हौसाक्का ओढतच होती. रडत होती आणि ओढत होती. अहो, तिचा जन्म त्या दोऱ्यात होता. जे जे आवडीने केलं ते ती आपल्या हाताने उसवत होती. हे तिला करायला लावलं कुणी? रायाजीरावाने लावलं, कारभाऱ्याने लावलं, आणि कट्ट्यावर गप्प बसलेल्यांनीही लावलं. सावरदऱ्यात हे तिसरं नाव घ्यायला कधी विसरत नाहीत.

दोरा संपला तेव्हा तिच्यापुढे गवताच्या गंजीएवढा ढीग झाला होता. मग वारा सुटला. असं म्हणतात, की एकही तुकडा वाट चुकला नाही. गोदीच्या आईचं लुगडं गोदीच्या दारात पडलं, मल्हारीचा पटका त्याच्या बायकोच्या ओंजळीत आला. पिवळी कुंची हौसाक्काच्या मांडीवर उतरली.

बायका धावल्या. "आता वं, आक्का? आता पांघरायचं काय?"

"आता शिवायचं," हौसाक्का म्हणाली. तिने वेशीजवळ आगटी पेटवायला लावली आणि कट्ट्याकडे वळली. "आन् ह्या खेपेला बापे बी शिवतील. ज्याची जीभ हालली न्हाय त्याचा हात तरी हालू दे."

पहिला उठला तो भिवा. तिच्याकडे बघायचा त्याला धीर नव्हता. त्याने नुसती सुई मागितली. मग एकेक करत सगळे आले. नांगर धरणारी बोटं ती, पाचही टोचून घेतली. टाके वाकडे पडले. हौसाक्काने ते उसवले नाहीत.

सगळ्यात आधी सरूच्या बाळाची वाकळ झाली. तिच्या मधोमध हौसाक्काने पिवळी कुंची ठेवली. सरूने तिचा हात धरला. "आक्का, ही नगं. ही तुमच्या लेकराची."

"त्याला आता थंडी वाजत न्हाय," हौसाक्का म्हणाली. भोवती टाके घातले, कड घातली, आणि वाकळ पुरी केली.

दिवस कलता कलता ताराऊ, ती नवरी मुलगी, एकटी चढण उतरून आली. अनवाणी, पायांना तांबडी माती. बायकांत बसली आणि तिने सुईला हात घातला. हौसाक्काने तिला शिवू दिलं. तीन दिवसांनी तिचं लग्न वेशीतच लागलं, मातीवर उभं राहून. त्या संध्याकाळी तिच्या पाठोपाठ रायाजीरावही आला होता, अंगाला घोंगडं गुंडाळून. म्हणाला, मलाही एक वाकळ द्या. हौसाक्काने त्याच्यापुढे सुई धरली. म्हणाली, "शिवा."

त्याने सुई घेतली नाही. तसाच माघारी गेला, आणि पुढच्या पावसाळ्याआधी गढी सोडून गेला. कुठे, ते गावाने विचारलं नाही.

हौसाक्का पुष्कळ जगली आणि शेवटपर्यंत शिवत राहिली. आज गढीच्या जागी करवंदीची जाळी आहे. पण सावरदऱ्यात अजूनही पायघड्या घालत नाहीत. नवरदेव असो नाहीतर देवाची पालखी, मातीवरूनच चालायचं. आणि माघात एके दिवशी वर्षभरात जन्मलेल्या सगळ्या पोरांच्या वाकळा वेशीत आणतात. त्यांत टाका घालायचा तो बाप्यांनीच. त्या दिवशी गावात जो असेल त्याला सुटका नाही. त्याला हौसाक्काचा टाका म्हणतात.

मध्ये एकदा माघात नेमक्या त्याच दिवशी कुणी मोठा साहेब तिकडे आला होता. त्याच्या माणसांनी गाडीपासून तांबडा गालिचा पसरायला घेतला. तर वेशीतल्या एका म्हातारीने तो दुसऱ्या टोकाने गुंडाळत गुंडाळत थेट साहेबाच्या बुटांपर्यंत आणला आणि त्याच्या हातात सुई दिली. दोरा काही केल्या ओवला जाईना. साहेबाने इकडेतिकडे बघितलं. त्याची माणसं पुढे झाली, तशी म्हातारीने नुसता हात आडवा केला. सगळं गाव थांबून राहिलं. कुणी हसलं नाही आणि कुणी ओवूनही दिला नाही. शेवटी साहेब मातीत बसला, दोऱ्याचं टोक त्याने तोंडात ओलं केलं, आणि ओवलं.